हनुवटीवरचे तीन ठिपके : घरातले जुने फोटो स्कॅन करताना

आजचा भाग रावेरच्या घरातून रेकॉर्ड केलाय. मागे पंख्याची घरघर ऐकू येईल, मधूनच केळीने भरलेला ट्रक जाईल. तो आवाज मी मुद्दाम काढलेला नाही. का काढला नाही, ते भाग संपेपर्यंत कळेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे बोलणं लिहून काढलंय.

विषय साधा आहे. घरातले जुने फोटो स्कॅनरवर टाकून कॉम्प्युटरमध्ये घेणं. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? मलाही तसंच वाटलं होतं. मग आजीने स्क्रीनकडे बघून एक वाक्य म्हटलं आणि मला सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

गेल्या उन्हाळ्यात मी एक वापरलेला फ्लॅटबेड स्कॅनर विकत घेतला. फ्लॅटबेड म्हणजे वर झाकण, खाली सपाट काच. काचेवर फोटो पालथा ठेवायचा, खालून दिव्याची पट्टी सरकत जाते. मशीन जुनं, लॅपटॉप नवा, त्यामुळे दोघांची ओळखच पटेना. नव्या विंडोजसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर निघालेलाच नव्हता. अशा वेळी लोक चांगला चालता स्कॅनर भंगारात देतात. तसं करू नका. एड हॅमरिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९९८ मध्ये व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आणलं. कंपन्यांनी सोडून दिलेले हजारो जुने स्कॅनर त्याच्यावर चालतात. ते विकत घ्यावं लागतं. नॅप्सटू नावाचं दुसरं एक फुकट आहे, पण त्याला ड्रायव्हर लागतोच. तर मशीन सुरू झालं.

पहिला फोटो घेतला तो माजघरातला. लाकडी फ्रेम, काचेला आतून धुरकट डाग. फोटोत दोन बायका उभ्या आहेत, नऊवारी, डोक्यावर पदर, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. दोघींच्या पुढे चारेक वर्षांची एक मुलगी. तिचा चेहरा हललेला आहे. दोघींपैकी एक माझ्या आजीची आई आणि दुसरी तिची जाऊ. आजीची आई आजी सहा वर्षांची असताना गेली. तिचा दुसरा फोटो नाही. हा एकच.

मी सॉफ्टवेअरमध्ये सगळं ऑटोवर ठेवलं. रंग आपोआप सुधारा, धूळ काढा, चरे काढा, फोटो खुलवा. सगळ्या चौकोनांत टिक. मिनिटभरात फोटो आला आणि काय सांगू, चकाचक! पिवळेपणा गेला, डाग गेले. मी लॅपटॉप उचलून आजीपुढे धरला. आजीने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे माही माय नही."

मी म्हटलं, आजी, तोच फोटो आहे, भिंतीवरचा.

"तिच्या हनुवटीवर तीन ठिपके व्हते. गोंदन. कुठी गेले?"

मी फ्रेम परत हातात घेतली. खरंच. उजवीकडच्या बाईच्या हनुवटीवर तीन बारीक काळे ठिपके होते. डावीकडच्या बाईला नव्हते. दोघींचा बांधा सारखा, पदर सारखा, कुंकू सारखं. आजी ऐंशी वर्षं आपली आई त्या तीन ठिपक्यांवरून ओळखत आली होती, आणि माझ्या एका टिकने ते पुसले गेले होते.

यात मशीनचा काही डाव नव्हता. धूळ काढणारा फिल्टर कसा चालतो ते समजून घेऊ. त्याला धूळ म्हणजे काय ते माहीत नसतं आणि गोंदण म्हणजे काय तेही माहीत नसतं. आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळा, एकटा, बारीक ठिपका दिसला की तो शेजारच्या पिक्सेलचा रंग घेऊन ती जागा बुजवतो. धुळीचा कण, बुरशीचा डाग, नाकातली चमकी, गालावरचा तीळ, गोंदणाचा ठिपका, त्याच्या लेखी सगळं एकच. आपण ते करायला सांगितलं, त्याने केलं.

इथे जरा मागे जाऊ. कॉम्प्युटरमध्ये शिरलेला जगातला पहिला फोटो कुणाचा होता, माहीत आहे? रॉकेटचा नाही, राष्ट्राध्यक्षाचा नाही. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्कॅनर बनवला. तो आपल्यासारखा सपाट काचेचा नव्हता, फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा होता. कर्शनी त्यावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो लावला. पाच सेंटिमीटर लांबरुंद चित्र, आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके. म्हणजे एकूण एकतीस हजारांच्या आत. तुमच्या हातातल्या फोनचा कॅमेरा एका फोटोत एक कोटीहून जास्त ठिपके भरतो. पण कॉम्प्युटरने पाहिलेला पहिला फोटो म्हणजे एका बापाने आणलेला घरचा फोटो. त्या अर्थाने आपण सगळे अजून तेच काम करतोय.

सपाट काचेचे स्कॅनर पुढे सत्तरच्या दशकात आले. काम सोपं आहे. दिव्याचा उजेड फोटोवर पडतो, फोटो तो परत फेकतो. जिथे काळं आहे तिथून कमी, पांढरं आहे तिथून जास्त. आरसे आणि भिंगातून तो उजेड सेन्सरच्या पट्टीवर जातो आणि पट्टी प्रत्येक ठिकाणी लाल, हिरवा, निळा उजेड किती आला त्याचे आकडे लिहिते. बस. स्कॅनर फक्त मोजतो. 'सुधारणा' त्यानंतर सॉफ्टवेअर करतं. हे दोन वेगळे टप्पे आहेत हे लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं. मोजणी पूर्ण घ्यायची, सुधारणा नंतर, आणि तीसुद्धा कॉपीवर.

कुणी म्हणेल, फोटोत फेरफार तर आधीपासून होतोच. होतो ना. आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस होऊन गेले, १९१२ ते १९८९. ते टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून अख्खा देखावा उभा करत आणि त्याचा फोटो काढत. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. समोर दिसतं ते 'खरं' नाही, पण त्यातली प्रत्येक सावली मूस यांनी ठरवलेली आहे. माझ्या स्कॅनमधून ठिपके गेले ते कुणीच ठरवलं नव्हतं. फरक तिथे आहे. कलाकाराने बदललं तर ती त्याची सही असते, आणि इथे तर माझ्या आजीच्या आईची खूण कुणाच्या लक्षातही न येता गेली होती.

तर दुसऱ्या दिवशी मी सगळे टिक काढले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी फ्रेम उघडली. मागचे खिळे गंजलेले, हळूहळू काढले. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला निघाला. सहा इंच बाय चार इंच. पहिल्या दिवशी मी तो काचेसकट ठेवला होता. आता नुसता ठेवला, बाराशे डीपीआयवर.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके मोजायचे. सहा बाय चारचा फोटो सहाशेवर घेतला तर ३६०० गुणिले २४०० ठिपके होतात, फाइल साधारण २६ एमबीची. बाराशेवर घेतला तर चौपट, सुमारे १०४ एमबी. बहुतेक कागदी फोटोंना सहाशे पुरतं, त्यापुढे कागदातच तपशील उरलेला नसतो. पण हा एकच फोटो होता, म्हणून मी हात आखडला नाही.

ठिपके आले. तिन्ही. आणि आणखी एक गोष्ट दिसली जी भिंतीवर कधी दिसली नव्हती. आजीच्या आईचा डावा हात त्या मुलीच्या खांद्यावर आहे आणि बोटं घट्ट रुतलेली आहेत. मुलगी हलू नये म्हणून. तरी ती हललीच.

मग मी पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू कशाला स्कॅन करायची, तपकिरी पुठ्ठाच तर आहे, असं वाटत होतं. पण एका कोपऱ्यात काहीतरी जांभळट होतं आणि वर पेन्सिलीची पुसट रेघ. म्हटलं घेऊन तर बघू.

इथे तुम्हाला आमच्या घरातली एक जुनी समजूत सांगायला हवी. हा फोटो 'काँग्रेसच्या वेळचा' असं सगळे म्हणत. रावेरहून सावदा ओलांडलं की फैजपूर. तिथे डिसेंबर १९३६ मध्ये, तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात, काँग्रेसचं अधिवेशन झालं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि बांबू वगैरे गावातल्याच साहित्यातून त्यांनी सजावट उभी केली. अधिवेशन संपलं, बांबू निघाले. आज ते सगळं कसं दिसत होतं हे कळतं ते मुख्यतः फोटोंमुळे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्या दिवसांच्या आठवणी आहेत. आमच्या घरात त्या दिवसांचा हा फोटो आहे, असं मानलं जायचं.

आता गणित बघा. फोटो १९३६ चा असेल तर त्यातली चार वर्षांची मुलगी म्हणजे आजीची थोरली बहीण. ती १९३८ मध्ये गोवराने गेली. आजीचा स्वतःचा जन्म रेशनकार्डावर १९३७ चा आहे. म्हणजे आजी आयुष्यभर असं मानत आली की आपल्या आईबरोबर आपला एकही फोटो नाही. जो आहे तो गेलेल्या बहिणीचा आहे.

मागच्या बाजूचा स्कॅन मी रंगीत घेतला होता, आणि इथे ते कामी आलं. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच घ्या, हे लिहून ठेवा. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात आणि ते वेगवेगळे बघता येतात. जांभळी शाई हिरवा उजेड शोषते, म्हणून हिरव्या थरात जांभळा शिक्का जास्त काळा दिसतो. मी फक्त हिरवा थर ठेवला, कॉन्ट्रास्ट वाढवला. रबरी शिक्का होता, स्टुडिओचा. नाव गेलेलं, पण शेवटचा शब्द वाचता आला. बऱ्हाणपूर. आणि वर पेन्सिलीने मोडीसारख्या घाईच्या अक्षरात, सन १९४१.

मी लगेच आरडाओरडा केला नाही. कागदावर आकडा आहे म्हणजे तो खरा असं नसतं, तारीख नंतरही कुणी लिहू शकतं. मग ताडून पाहिलं. पणजोबांची हिशेबाची चोपडी घरात आहे. तिच्यातला 'सन' आणि पेन्सिलीतला 'सन' शेजारी ठेवले. तीच वळणं, चारचा तोच वाकडा आकडा. शिक्का बऱ्हाणपूरचा, म्हणजे फोटो फैजपूरला काढलेलाच नाही. रावेरहून बऱ्हाणपूर रेल्वेने जवळ, लग्नाकार्याचा बाजार करायला लोक तिकडेच जात. आणि १९४१ मध्ये थोरली बहीण हयात नव्हती. मग ती हललेली मुलगी कोण?

आजीला सांगितलं. ती काही रडली वगैरे नाही. स्क्रीनवर बोट ठेवून खांद्यावरच्या त्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे ते पोरगी मीच व्हय." आणि थोड्या वेळाने, "मी तेव्हाबी एका जागी उभी राहत नव्हती."

आता विचार करा. पहिल्या दिवशीचा तो चकाचक स्कॅन घेऊन मी थांबलो असतो, सगळ्यांना व्हॉट्सॅपवर पाठवला असता आणि मूळ फोटो 'झाला ना स्कॅन' म्हणून टाकून दिला असता तर? आजीची आई कुठली तेही गेलं असतं आणि आजी कुठली तेही. ही भीती उगाच नाही. आमच्याच नात्यात एका घरी अल्बम स्कॅन करून मूळ फोटो रद्दीत दिले गेले. स्कॅन लहान, पाठी कुणी घेतल्याच नव्हत्या. आता विचारायला काही उरलं नाही.

प्रतीवर विसंबू नये हा धडा खानदेशाच्या जमिनीत शब्दशः पुरलेला आहे. भुसावळला रॉबर्ट गिल यांची कबर आहे. मद्रास लष्करातला हा अधिकारी. १८४४ मध्ये त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायचं काम मिळालं. पारो आणि गिलची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण त्यांचं खरं आयुष्य या प्रती करण्यात गेलं. जवळपास वीस वर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्यांनी मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला पाठवले. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले गेले आणि १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. १८७९ मध्ये गिल गेले. दरम्यान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा प्रती करायला घेतल्या. १८८५ मध्ये लंडनलाच साउथ केन्सिंग्टनला आग लागली, त्यात शंभराहून अधिक प्रती गेल्या किंवा खराब झाल्या.

दोनदा आग, दोनदा नुकसान. तरी अजिंठा आपल्याला आज बघता येतो, कारण मूळ भिंत जागेवर होती. आणि त्याच गिल यांनी कॅमेराही हातात घेतला होता. त्यांनी काढलेले फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या पुस्तकात आले. त्याच्या अनेक प्रती झाल्या, अनेक ठिकाणी गेल्या, म्हणून ते उरले. एका हॉलमध्ये ठेवलेले कॅनव्हास एका रात्रीत गेले. मूळ जपा, आणि प्रती एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवा. दीडशे वर्षांपूर्वीचा नियम हार्ड डिस्कलाही तसाच लागू आहे.

आता कामाचं बोलू. पटापट सांगतो, हवं तर परत ऐका.

काच पुसताना पाणी किंवा फवारा काचेवर मारू नका, कापडावर घ्या, नाहीतर कडेने आत जातो. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटका, ओल्या फडक्याने नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात फोटो कडक होऊन गुंडाळतात आणि पावसाळ्यात काचेला चिकटतात. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवर राहील. फ्रेमच्या काचेसकट स्कॅन करा. त्यासाठी जाड, सीसीडी सेन्सरचा स्कॅनर बरा. पातळ सीआयएस स्कॅनरला काचेला टेकलेलंच तेवढं स्पष्ट दिसतं, जरा वर असलं की धूसर.

सॉफ्टवेअरमध्ये ऑटोचे सगळे टिक काढा. रंगीत मोड, २४ बिट किंवा जास्त. सहाशे डीपीआय, पासपोर्ट आकाराच्या फोटोला बाराशे. डीपीआय निवडताना 'ऑप्टिकल' आकडा बघा. डब्यावर त्याहून मोठा आकडा लिहिलेला असतो, तो मधले ठिपके अंदाजाने भरून केलेला असतो. कडा कापू नका, पुठ्ठ्यासकट घ्या. सेव्ह करताना टिफ. जेपेग जागा वाचवायला तपशील टाकून देतं, म्हणून ते फक्त पाठवायच्या कॉपीसाठी. व्हॉट्सॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे आणखी आकसतो. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजू. कोरी दिसली तरी.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि त्याला स्कॅनर लागत नाही. फोटो घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, हे कोण? डावीकडून उजवीकडे, एकेक नाव. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, तरी १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं, कारण घरातल्या कुणीतरी शेजारी बसून ते लिहून ठेवलं होतं. फोटोतल्या नावांचंही तेच आहे. आमच्या एका दुसऱ्या ग्रुप फोटोत अकरा जण आहेत. आजीने आठ नावं सांगितली. उरलेली तीन सांगू शकणारे आजोबा मी स्कॅनर घेण्याच्या आदल्या वर्षी गेले. ते तिघे आता फक्त टोपीवाले, काठीवाले आणि मागचे उंच. सहाशे डीपीआयमध्ये त्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मोजता येतात. नाव नाही.

म्हणून पंख्याचा आवाज काढला नाही. आज मी रेकॉर्डर सुरू ठेवूनच आजीशेजारी बसलोय. मगाशी ट्रक गेला तेव्हा ती काहीतरी बोलली, तुम्हाला पुसट ऐकू आलं असेल. आवाज स्वच्छ करणारा फिल्टर लावला असता तर ट्रकबरोबर तेही गेलं असतं.

तर येत्या रविवारी एकच फोटो घ्या. पुढे, मागे आणि नावं. एवढं झालं की मला कळवा. भेटू पुढच्या भागात. आजी, चहा ठेवू का?